आमच्या घराचा फॉर्म

आरोग्य सर्व्हेच्या नव्या यादीत झाशीच्या प्रेम नगरमधल्या आमच्या गल्लीतली चार घरं निघाली आणि त्यातलं एक आमचंच होतं. यादी माझ्याच हातात होती. मी ती जिज्जीला दाखवली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "लो, अब तुम्हारी बारी. पता चलेगा, सुई चुभती है तो कैसा लगता है."

जिज्जी म्हणजे आमच्या ऑफिसातली माझ्याहून मोठी सहकारी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात, आणि ती सगळ्या ऑफिसचीच थोरली बहीण होती. गुरसरायकडची, चाळिशीतली, आवाज खणखणीत. मी बी.एस्सी. होऊन या नोकरीला लागले तेव्हा कामाचं सगळं तिनेच शिकवलं. रक्तदाबाचा पट्टा दंडावर किती घट्ट बांधायचा, वजनकाटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर कसा टेकवायचा, आणि समोरचा माणूस उत्तर द्यायला अडखळला की त्याच्या तोंडाकडे न बघता कागदाकडे बघत कसं थांबायचं, म्हणजे त्याला सांगणं सोपं जातं.

तेव्हा मोबाइल आलेले नव्हते. आम्ही दहा-बारा जणी सकाळी पिशव्या घेऊन निघायचो, काही झाशीत, काही जीपने एरचच्या बाजूच्या गावांत. काम सांगायला साधं होतं. एकदा ज्याचं नाव यादीत आलं, त्याच्याकडे दर दोन वर्षांनी जायचं. तेच प्रश्न, तीच मापं. वजन, कंबर, रक्तदाब, एक छोटी बाटली रक्त. रोज काय खाता, किती चालता, विडी ओढता का, तंबाखू खाता का. शेवटी टॉर्च लावून तोंडाच्या आत बघायचं. पुढे वर्षानुवर्षं नुसतं बघत राहायचं की कोणाला साखर होते, कोणाला हृदयाचा त्रास, कोणाला कॅन्सर, आणि कोण ठणठणीत राहतो. मग जुने कागद काढून शोधायचं की फरक कुठे पडला.

लोकांना हे पटवणं अवघड होतं. "दवाई नहीं दोगी तो आई काहे को हो?" असं निम्म्या घरांत विचारत. झाशीच्या छावणीतली आणि जवळच्या बबीन्याच्या लष्करी तळावरची मराठी फौजी कुटुंबं मात्र आमच्या यादीत घेतच नसत. तिथल्या बायका मराठी ऐकून मला हौसेने आत बोलवायच्या, पण त्यांची दोन-तीन वर्षांत बदली व्हायची आणि आम्हाला तर तीच माणसं पुन्हा पुन्हा हवी असायची.

एका गोष्टीबाबत आमच्या डॉक्टर मॅडम फार कडक होत्या. सर्व्हे त्याच चालवत. फॉर्मवर माणसाचं नाव नसायचं, नुसते घराचे आणि माणसाचे नंबर. कोणता नंबर कोणाचा, हे एका रजिस्टरमध्ये होतं आणि ते रजिस्टर मॅडमच्या कपाटात कुलपात असे. प्रत्येक माणसाशी एकट्याने बोलायचं, घरच्यांना बाहेर बसवायचं, आणि सुरुवातीला एक वाक्य म्हणायचंच: आपने जो बताया, वो हम इस घर में भी किसी को नहीं बताएँगे. ते वाक्य म्हटलं की लोक खरंच बोलायचे. एका घरातल्या सुनेने मला सांगितलं होतं की तिला फिट्स येतात आणि सासरी कोणाला ठाऊक नाही. तिची सासू पाणी घेऊन आत आली तेव्हा आम्ही दोघी कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागलो होतो.

दुसरा नियम असा की स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही. म्हणून आमचं घर जिज्जीकडे गेलं.

आमचं घराणं झाशीकडचं जुनं. पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत कारकुनी करायला आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बाबा इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, गणित शिकवत आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते, तरी सगळी वस्ती त्यांना मास्साबच म्हणायची. मास्तर म्हणून त्यांचा दरारा होता आणि त्यातही एका गोष्टीबद्दल जास्त. तंबाखू. वर्गात शिरताना पोरांचे खिसे उलटे करून बघायचे. कोणाकडे पुडी सापडली तर त्याला घरून बापाला घेऊन यायला सांगायचे, आणि बापाच्या ओठात तंबाखू दिसली तर त्यालाही चार शब्द ऐकवायचे. आजही झाशीत पन्नाशीची माणसं मला भेटतात आणि सांगतात की तुमच्या वडिलांच्या भीतीने आम्ही शाळेत कधी पुडी नेली नाही.

मी घरी जाऊन सांगितलं की आपलं घर निघालंय, तेव्हा आई खूश झाली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"नाव काढून टाकता येत नाही का?" त्यांनी विचारलं.

"येतं. नको म्हणायचा हक्क आहे प्रत्येकाला."

"मग नको म्हणून लिही."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "बाबा, मी रोज दहा घरांच्या पायऱ्या चढते. माझ्याच घराने नको म्हटलं तर मी लोकांना काय तोंडाने सांगू?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "द्या की हो. वजन करतील, रक्त घेतील. तुमचं काय जातंय?"

बाबांनी चष्मा काढून खिशात घातला. मग पेपरची घडी करत म्हणाले, "ठीक आहे. पण ती बाई येईल तेव्हा तू घरात थांबायचं नाहीस."

"नियमच आहे तसा. आपल्या घरचा फॉर्म मला भरताच येत नाही."

"भरण्याचं म्हणत नाही मी. घरातसुद्धा नको."

मला वाटलं, सुई टोचून घेताना मुलीसमोर तोंड वाकडं होईल म्हणून म्हणत असतील. मी हसले आणि विसरून गेले.

जिज्जी आमच्याकडे गेली त्या दिवशी मी स्टेशनकडच्या एका वस्तीत होते. दुपारी ऑफिसात भेटलो तर ती म्हणाली, "हो गया. अम्मा ने चाय पिला के ही छोड़ा." घरोघर चहा घ्यायचा नाही असाही आमचा नियम होता, तो आईसमोर टिकला नव्हता. मी विचारलं, "और बाबा?" जिज्जी म्हणाली, "मास्साब भी हो गए," आणि पिशवीतल्या बाटल्या बर्फाच्या डब्यात लावू लागली.

त्यानंतर ती बदलली. आधी आम्ही रोज एकत्र जेवायचो. आता ती डबा घेऊन टायपिंगच्या खोलीत जाऊ लागली. समोर आली तर कामाचं बोलायची आणि लगेच दुसरीकडे बघायची. मंगळवारी सकाळी ती उशिरा येऊ लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, बाहर का काम था.

घरीही थोडं थोडं वेगळं होत होतं, पण एकेक गोष्ट इतकी लहान होती की लक्षात येऊनही मनात राहिली नाही. बाबांनी आईला भाजीत तिखट कमी घालायला सांगितलं. पोळी ते वरणात भिजवून खाऊ लागले. मंगळवारी सकाळी वाचनालयात जातो म्हणून निघायचे आणि बारापर्यंत यायचे नाहीत. संध्याकाळी दोन मुलं गणिताला यायची, त्यांच्यावर ते आता ओरडत नव्हते.

ओरडत नाहीत हे आईने मला सांगितलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी जिज्जीला गाठलं आणि सरळ विचारलं, "जिज्जी, घर में कुछ निकला है क्या?"

"किसके घर में?"

"मेरे."

"तुम्हारा घर मेरे लिए एक नंबर है," ती म्हणाली. हे म्हणताना ती हातातल्या कागदाकडे बघत होती.

काही नसतं तर ती हसली असती. मला चिमटा काढून म्हणाली असती की मास्साबना सुईची भीती वाटते. त्या उत्तराने माझी खात्रीच झाली. आता नुसतं काय निघालं हे माहीत नव्हतं. हृदय असेल, मूत्रपिंड असेल, रक्तात काही सापडलं असेल. आमच्याच हाताखालून गेलेल्या सगळ्या रोगांची नावं माझ्या डोक्यात फिरू लागली. बाबांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते म्हणणार, तुला कोणी सांगितलं, आणि मग जिज्जीचं नाव खराब होणार.

मग एक दिवस असं झालं की भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा जिज्जीच्या टेबलावर उघडा राहिला. महिन्यातून एकदा आम्ही एकमेकींचे फॉर्म तपासायचो. आजार बघायचा नसे, रिकामे राहिलेले रकाने शोधायचे असत. आपल्या घरचा फॉर्म आपल्याकडे येणार नाही याची काळजी घेत. पण त्या दिवशी जिज्जीला मॅडमने आत बोलावलं होतं, बाकीच्या जेवायला गेल्या होत्या, आणि मी एकटी त्या टेबलापाशी होते. आमच्या दाराच्या चौकटीवर सर्व्हेचा जो घरनंबर चिकटवला होता तो मला पाठ होता. माझा स्वतःचा फॉर्म अजून भरायचा होता, आईबाबांचे दोन त्या नंबराखाली गठ्ठ्यात होते.

मी आधी आईचा बाजूला केला. मग बाबांचा उघडला.

पहिल्या पानावर वय, शिक्षण, रिटायर मास्तर. दुसऱ्या पानावर तंबाखू चघळता का, या प्रश्नापुढे 'हो'ला गोल केलेला होता. मला वाटलं, चुकून झाला असेल. खालच्या ओळीत, किती वर्षांपासून, तिथे जिज्जीच्या अक्षरात अठ्ठावीस लिहिलं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

त्यापुढचं पान कसलं असतं हे मला माहीत होतं. त्यावर उघड्या तोंडाचं चित्र छापलेलं असायचं आणि आत कुठे डाग, जखम, गाठ दिसली तर पेन्सिलने त्या जागी रंगवायचं असायचं. बहुतेक फॉर्मवर ते चित्र कोरंच असे. मी पानाचा कोपरा धरला होता. उलटलं नाही. नियम आठवला म्हणून थांबले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण खरं कारण एवढंच की मला धीर झाला नाही. फॉर्म मिटून मी जसा होता तसा ठेवला आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसले. त्या सुनेचा चेहरा मला सारखा दिसत होता, फिट्स येणाऱ्या. तिला मी जे वचन दिलं होतं तेच जिज्जीने बाबांना दिलं असणार, आणि जिज्जीने ते माझ्यापासून पाळलं होतं. मोडलं ते मी.

संध्याकाळी जिज्जी निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर चालू लागले आणि तिला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच उभी राहिली. मी तिला कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"कितना पढ़ा?" तिने विचारलं.

"तमाखू तक. आगे का पन्ना नहीं खोला."

"सच?"

"सच."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "सुनो. जो करना चाहिए, वो हो रहा है. इससे आगे मैं एक शब्द नहीं कहूँगी, तुम रोओ तो भी नहीं. घर जाओ और चुप रहो. मास्साब खुद बताएँगे."

"कब?"

"जब उनको बताना होगा."

मी गप्प राहिले. तसे दिवस मी पुन्हा कधी काढले नाहीत. बाबांबरोबर जेवायला बसायचे आणि त्यांच्या घासाकडे बघायचं नाही म्हणून ताटाकडे बघायचे. कामावर लोकांच्या तोंडात टॉर्च लावायचे तेव्हा एकेक गाल दोनदा बघायचे. एरचच्या बाजूच्या एका गावात एका म्हाताऱ्याच्या गालात मला डाग दिसला. मी त्याला दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली आणि त्याच्या घराबाहेर येऊन हातपंपावर तोंड धुतलं. ज्याच्या तपासणीत काही दिसेल त्याला चिठ्ठी द्यायची, एवढंच आमच्या हातात होतं. चिठ्ठी घेऊन किती जण खरंच जातात ते आम्हाला चांगलं माहीत होतं. बहुतेकांच्या चिठ्ठ्या दोन वर्षांनी आम्ही परत गेलो तेव्हा देवाच्या तसबिरीमागे तशाच सापडायच्या.

दोन आठवडे गेले. मग एका मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास जिज्जी ऑफिसात आली, पिशवी खुर्चीवर टाकली आणि थेट माझ्याकडे येऊन म्हणाली, "आज घर चली जाओ. मैडम से तुम्हारी छुट्टी मैंने माँग ली है."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने मान फिरवली.

सायकलवरून मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. मध्ये रेल्वेचं फाटक लागतं, ते बंद होतं. मालगाडी जात होती आणि डबे संपत नव्हते, एवढं आठवतं. मी घराचं दार उघडलं तेव्हा बाबा ओसरीवर टेबलापाशी बसले होते. समोर त्यांची जुनी पितळी कंपासपेटी उघडी होती आणि बाजूला एक लिफाफा. आई पाटावर बसून गवार मोडत होती.

"ये," बाबा म्हणाले. "तुझीच वाट बघत होतो. तुझ्या आईलाही अजून काही सांगितलेलं नाही. दोघींना एकदमच सांगायचं होतं."

मी चपला न काढताच पायरीवर बसले.

बाबांनी फळ्यावर गणित सोडवावं तसं सांगायला सुरुवात केली, एका पायरीनंतर दुसरी. ते म्हणाले, "मी तंबाखू खातो. एरचला बदली झाली होती तेव्हापासून. तिथे मी एकटा राहत होतो. दाढ दुखायची. तिथल्या एका मास्तराने चिमूटभर दिली, दाढेत ठेवायला. दाढ थांबली, तंबाखू राहिली." मग कंपासपेटीकडे बोट करून म्हणाले, "यात ठेवत होतो. तुम्हा कोणाला कळू दिलं नाही. पोरांना मारलं आणि स्वतः खात राहिलो, त्याची लाज होती."

आईचे हात चालूच होते.

"तुझ्या त्या जिज्जीने तोंडात बॅटरी मारून बघितलं. डाव्या गालात आत पांढरा डाग होता. तिने चिठ्ठी दिली. मोठ्या दवाखान्यात गेलो. त्यांनी औषध दिलं, तोंडात लावायला मलम दिलं, तिखट बंद केलं. डाग गेला नाही. मग त्यांनी एक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. आज कागद आला."

तो लिफाफा त्यांनी उघडला नाही. नुसता हात ठेवला त्यावर.

"कॅन्सर नाही."

उत्तर शेवटी सांगायची सवय त्यांची. मला तेवढा वेळ कसा सोसवला कोण जाणे. मी गुडघ्यात डोकं घातलं आणि रडले. छातीवर इतके दिवस काहीतरी बसलं होतं ते उठून गेलं. श्वास घेता येतो आहे हेच मला नवीन वाटत होतं.

"नाही म्हणजे आत्ता नाही," बाबा पुढे म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, तंबाखू चालू राहिली तर पुढे होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी दाखवायचं."

आईने गवारीची शेंग परातीत टाकली. "सोडलीत का?" तिने विचारलं.

"सोडली. पाचवा आठवडा आहे."

"तरीच," आई म्हणाली. "पुडी महिनाभर तशीच दिसत होती."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "कुठे?"

"कंपासपेटीत. दर दिवाळीला ती पेटी चिंचेने घासून लख्ख कोण करतं? आपोआप होते?"

"तुला माहीत होतं?"

"एरचहून परत आलात तेव्हापासून."

बाबांनी कंपासपेटीचं झाकण लावलं. त्यांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

आई म्हणाली, "तुम्ही लपवत होतात. म्हटलं, लपवताहेत तोवर मोजूनमापून खातील. उघड केलं तर दारात खुर्ची टाकून खायला लागाल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "ते चुकलंच माझं. बोलायला हवं होतं."

ती उठली, त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि त्यांच्या डाव्या गालावर बाहेरून हात ठेवला, ताप बघतात तसा. मी आईबाबांना एकमेकांना हात लावताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मी दुसरीकडे बघू लागले.

मग मलाही गप्प राहवेना. मी सांगितलं की मी फॉर्म उघडला होता आणि तंबाखूचं मला माहीत होतं. मला वाटलं, आज सगळं माफ होईल. बाबांचा चेहरा मात्र वर्गातल्यासारखा झाला.

"ते चुकलंस तू," ते म्हणाले. "मी ते त्या मुलीला सांगितलं होतं, तुला नाही. तिने शब्द दिला होता म्हणून सांगितलं. नाहीतर मी 'नाही'वरच गोल करायला लावला असता आणि तोंडही उघडलं नसतं. मग आज आपण इथे बसून हे बोलत नसतो."

"हो."

"तुमच्या मॅडमना सांग. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला आणि तीन महिने मी कोणाच्याही भरलेल्या फॉर्मला हात लावायचा नाही असं ठरवलं. फॉर्मांसाठी वेगळं कपाट आलं आणि त्याची किल्ली त्यांच्याकडे राहिली. मला नोकरीवरून काढतील असं मी धरून चालले होते. निघताना त्यांनी विचारलं, "पिताजी कैसे हैं?" मी म्हटलं, ठीक हैं. त्या म्हणाल्या, "अच्छा है," आणि परत कागदांकडे वळल्या. त्यांना कितपत माहीत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दुपारी जिज्जी डबा घेऊन माझ्या टेबलावर येऊन बसली. आता बाबांनी स्वतःच सांगितलं होतं म्हणून तिला बोलायची मोकळीक होती. तिने सांगितलं की चिठ्ठी हातात घेऊन बाबांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "बिटिया, वहाँ पर्ची कौन-सी खिड़की पर बनती है?" इतकी वर्षं झाशीत राहून ते त्या दवाखान्यात कधी गेलेच नव्हते. "बस, वही पूछा," जिज्जी म्हणाली. "मैंने कहा, मैं दिखा दूँगी." पहिल्या मंगळवारी तिने खिडकी दाखवली. दुसऱ्या मंगळवारी त्यांना कोणत्या खोलीपुढे बसायचं ते समजेना म्हणून ती थांबली. तुकडा काढला त्या दिवशी परतताना त्यांना बोलता येत नव्हतं, रिक्षावाल्याला पत्ता तिनेच सांगितला आणि गल्लीच्या तोंडाशी उतरून गेली, आईने बघू नये म्हणून.

"और मुझसे मुँह फेर के बैठती थीं," मी म्हटलं.

"तुम्हारा मुँह देखती तो बोल देती," ती म्हणाली आणि तिच्या डब्यातलं लोणचं माझ्या पोळीवर ठेवलं.

सहा महिन्यांनी पहिली तपासणी होती. या वेळी बाबांनी मला बरोबर चल म्हणून सांगितलं. खिडकी, रांग, खोली, सगळं त्यांना आता पाठ होतं, मलाच ते वाट दाखवत होते. डॉक्टर तरुण होता. त्याने दिवा लावून आत बघितलं, गाल बोटाने ताणून बघितला, जुना कागद वाचला आणि पुन्हा बघितलं. मी त्याच्या भुवयांकडे बघत होते. मग तो म्हणाला की डाग बराच फिका पडलाय, कडा मऊ झाल्यात, आता सहा महिन्यांनी या.

आम्ही बाहेर आलो. ऊन चढलं होतं. फाटकापाशी रिक्षा उभ्या होत्या. मी एकीला हात केला तर बाबा म्हणाले, "घरी नको. आधी बाजारात जाऊ."

"कशाला?"

"चष्म्याचा नंबर बदललाय माझा. वर्ष होत आलं. पेपरातलं बारीक अक्षर दिसतच नाही." रिक्षात चढून ते नीट बसले आणि धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "म्हटलं, हे गालाचं काय ते एकदा कळू दे. उगाच नवा चष्मा करून ठेवायचा."

दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची पुसून दिली, फ्रेमा काढून समोर मांडल्या आणि मास्साबना कोणती बरी दिसते म्हणून मला विचारू लागला. बाबांनी चार-पाच लावून बघितल्या. मग त्यांनी काळी, जाड, सगळ्यात मजबूत होती ती उचलली आणि विचारलं, ही किती वर्षं टिकेल.